दोंडाईच्याची मच्छरदाणी आणि न्यू जर्सीची जाळी

आम्ही राहतो ते वेस्ट विंडसर न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात येतं. गावातून रूट वन हा हायवे जातो. त्या रस्त्याने उत्तरेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात न्यू ब्रन्सविक लागतं. तिथे जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय आहे. ऑपरेशनचे टाके आणि जाळ्या बनवणारी त्यांची एथिकॉन ही कंपनी शेजारच्याच सॉमरसेट काउंटीतली. हर्नियाच्या जाळ्यांमधलं दुसरं मोठं नाव म्हणजे सी. आर. बार्ड. तिचं मुख्यालयही कित्येक वर्षं याच राज्यात, मरे हिलला होतं. म्हणजे जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत ज्या जाळ्या बसवल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच जाळ्यांचा कारभार आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरात चालत आलाय.

इथे टीव्ही लावला की याच जाळ्यांवरून वकिलांच्या जाहिराती लागतात. तुमच्या पोटात हर्नियाची जाळी बसवली आहे का, दुखतंय का, मग आम्हाला फोन करा, भरपाई मिळवून देऊ, अशा अर्थाच्या. अमेरिकेत असे हजारो दावे दाखल झालेत. आपण चॅनेल बदलतो आणि विसरून जातो. मी विसरलो नाही, कारण त्याच सुमारास मामांचा फोन आला.

माझे मामा खान्देशात कापूस पिकवतात. वय एकसष्ट. गेली तीन-चार वर्षं उजव्या जांघेत गाठ येत होती. खोकलं, पोतं उचललं की फुगायची, आडवं झालं की आत जायची. मेडिकलच्या दुकानातून पट्टा आणून तो बांधून ते शेतात जायचे. शेवटी मामीने हट्टाने डॉक्टरकडे नेलं. हर्निया निघाला. ऑपरेशन सांगितलं आणि दोन पॅकेजं पुढे ठेवली. एक साध्या जाळीचं, दुसरं ‘इम्पोर्टेड’ जाळीचं. दुसऱ्याचं बिल बरंच मोठं.

"तुमच्या अमेरिकेत कोणती बसवतात रे भाचा?" मामांनी विचारलं. "इथे म्हणतात, इम्पोर्टेड घ्या, परत बघायचं काम नाही. तू तिकडे आहेस, कम्प्युटरवाला आहेस. जरा बघून सांग."

मी कम्प्युटर इंजिनीअर. हर्निया कुठल्या बाजूने उघडतात तेही मला ठाऊक नाही. पण दोन गोष्टींची तुलना केलेली असेल तर ती नीट केलीय का, आकडा कशाचा आहे, किती दिवस पाहिलंय, एवढं वाचता येतं. वैद्यकीय शब्द अडले तिथे इथल्या ओळखीच्या एका मराठी सर्जन ताईंनी समजावलं. दोनेक आठवडे रात्री जेवणं झाल्यावर मी शोधनिबंध वाचत बसलो. इम्पोर्टेड जाळीची माहिती काढायला गेलो आणि हाती लागलं ते गाव होतं दोंडाईचा. धुळे जिल्हा, शिंदखेडा तालुका. मामांच्या शेतापासून तासाभराच्या अंतरावर.

आधी थोडं हर्नियाबद्दल. मराठीत याला अंतर्गळ म्हणतात आणि शब्द अगदी नेमका आहे. पोटाच्या भिंतीत एखादी जागा कमकुवत होते आणि आतलं आतडं किंवा चरबी तिथून बाहेर गळायला लागते. पुरुषांमध्ये हे जांघेत फार होतं. चारांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होतो, असा अंदाज आहे. जगात दरवर्षी दोन कोटींहून जास्त लोकांची याची ऑपरेशनं होतात. म्हणजे हे काही दुर्मिळ दुखणं नाही. शेतकरी, हमाल, गवंडी अशा वजन उचलणाऱ्यांचं तर पोटच या भिंतीवर चालतं.

जुनी पद्धत अशी की भोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडा ओढून टाके घालायचे. इटलीच्या बासिनी या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शास्त्रशुद्ध केली. अडचण ताणाची. जुनं धोतर फाटलं आणि कडा ओढून शिवल्या तर शिवणीच्या शेजारीच पुन्हा फाटतं, तसंच. म्हणून ठिगळ लावायची कल्पना आली. कडा ओढायच्याच नाहीत, वरून जाळी ठेवायची. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढतात आणि ठिगळ भिंतीचाच भाग होऊन जातं. टेक्सासच्या डॉ. फ्रान्सिस अशरनी १९५८ च्या सुमारास मार्लेक्स नावाच्या प्लॅस्टिकची जाळी वापरली. गंमत म्हणजे त्याच काळात अमेरिकेत पोरं कमरेभोवती जी हुला हूप फिरवत होती, तीही याच मार्लेक्सची. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिएथिलीन. पुढे पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली, आणि १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डॉ. लिक्टेनस्टाइननी ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली. आज जगात उघड्या ऑपरेशनसाठी बहुतेक ठिकाणी तीच वापरतात.

आता दोंडाईचा. तिथे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर ग्रामीण भागात सर्जरी करत होते. १९९० च्या दशकात कंपनीची जाळी त्यांच्या पेशंटला परवडणारी नव्हती. जाळी नाही म्हणजे जुन्या पद्धतीने ओढून शिवायचं, आणि हर्निया परत यायची शक्यता जास्त. मग प्रश्न असा पडतो की या जाळीत असं काय आहे? पॉलिप्रॉपिलीनचे बारीक धागे, मध्ये छिद्रं. आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या मच्छरदाणीच्या कापडात काय असतं? जवळजवळ तेच.

हे ऐकायला ‘जुगाड’ वाटतं. पण जुगाड आणि संशोधन यांत एक फरक आहे. जुगाड करणारा माणूस काम झालं की पुढे जातो. टोणगांवकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापड निर्जंतुक करून वापरलं, वेगवेगळ्या गावांतल्या सर्जननी मिळून पेशंटच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये त्या छापल्या. शीर्षकातच त्यांनी ‘प्राथमिक चाचणी’ असं प्रामाणिकपणे लिहिलं. आम्हाला असं दिसलं, आता तुम्हीही तपासा, असा त्याचा अर्थ.

तपासलं, पण बाहेरच्यांनी. आफ्रिकेत हर्नियाची मोफत शिबिरं घेणाऱ्या ब्रिटिश सर्जननी ही मच्छरदाणी उचलली. तिचा धागा कंपनीच्या जाळीशी ताडून पाहिला. निर्जंतुक करताना ती किती उष्णता सहन करते ते पाहिलं. १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये ती टिकते, त्याहून जास्त तापमानाला बिघडते, हे कळलं. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी चालत नाही, साधीच हवी, हेही ठरलं.

मग खरी परीक्षा झाली पूर्व युगांडात. स्वीडन आणि युगांडाच्या डॉक्टरांनी ३०२ पुरुष घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कोणाला कुठली जाळी हे नशिबावर सोडलं. अर्ध्यांना मच्छरदाणीच्या कापडाची, अर्ध्यांना कंपनीची. एकीची किंमत एका डॉलरच्या आसपास, दुसरीची शंभर डॉलरच्या वर. दोन आठवड्यांनी आणि पुन्हा वर्षाने तपासलं. वर्षानंतरही ९५ टक्क्यांहून जास्त पेशंट तपासणीला हजर होते. आपल्याकडे लग्नाला बोलावलं तरी एवढी हजेरी लागत नाही! निकाल असा: मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, कंपनीच्या गटात कोणाचाच नाही. हा फरक इतका छोटा की तो योगायोगातही बसतो. सूज, रक्त साकळणं अशा बारीकसारीक तक्रारी एका गटात ३०.८ टक्के, दुसऱ्यात २९.७ टक्के. जानेवारी २०१६ मध्ये हे सगळं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. वैद्यकीय जगात याहून मोठा मंच शोधायला लागेल. २०१८ मध्ये जगभरच्या हर्निया तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत साधनं कमी असलेल्या ठिकाणांसाठी स्वस्त जाळीला जागा मिळाली.

मी हे आमच्या शनिवारच्या मराठी मंडळींत सांगितलं तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. एक होती अभिमानाची: बघा, आपला माणूस! दुसरी जास्त टोचणारी होती. एक काका म्हणाले, "म्हणजे गरिबाला मच्छरदाणी आणि श्रीमंताला खरी जाळी. हे नैतिक आहे का?"

प्रश्न रास्त आहे. मी त्यावर बराच विचार केला आणि माझं उत्तर असं आहे. गरिबाला स्वस्त वस्तू देणं अनैतिक नाही. न तपासलेली वस्तू देणं अनैतिक आहे, मग ती स्वस्त असो की महाग. युगांडातल्या माणसांना समजावून, संमती घेऊन, दोन्ही जाळ्या त्याच सर्जनच्या हातून बसवल्या आणि वर्षभर पाठपुरावा केला. आता हीच कसोटी आमच्या न्यू जर्सीकडच्या महागड्या जाळ्यांना लावून पाहा.

अमेरिकेत वैद्यकीय उपकरण बाजारात आणायचा एक सोपा रस्ता आहे. १९७६ च्या कायद्यातल्या कलमावरून त्याला फाइव्ह-टेन-के म्हणतात. नवं उपकरण आधीच बाजारात असलेल्या एखाद्या उपकरणासारखंच आहे एवढं दाखवता आलं, तर माणसांवर मोठी चाचणी न घेताही परवानगी मिळू शकते. बहुतेक हर्नियाच्या जाळ्या याच रस्त्याने आल्या. एथिकॉनची फिजिओमेश नावाची जाळीही तशीच आली. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटावरच्या हर्नियासाठी ती वापरायचे. दिसायला अत्याधुनिक, किंमत तशीच. मे २०१६ मध्ये कंपनीने ती स्वतःहून बाजारातून मागे घेतली. कारण जर्मनी आणि डेन्मार्कच्या हर्निया नोंदवह्यांत असं दिसलं की या जाळीनंतर हर्निया परत येण्याचं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण इतर जाळ्यांपेक्षा जास्त आहे.

योगायोग बघा. २०१६ हे एकच साल. जानेवारीत एका डॉलरची मच्छरदाणी परीक्षेत पास झाली, आणि मे महिन्यात महागडी जाळी दुकानातून परत गेली. दोन्ही जाळ्या वेगळ्या कामाच्या, त्यामुळे त्यांची थेट तुलना मी करत नाही. पण किंमत म्हणजे पुरावा नव्हे, एवढं यातून पक्कं कळतं.

फिजिओमेशची गोष्ट मला माझ्या धंद्यामुळे जास्त भिडली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कितीही टेस्टिंग केलं तरी खरा दोष कळतो तो कोड लोकांच्या हातात गेल्यावर. म्हणून आम्ही लॉग ठेवतो. कुठे काय बिघडलं, कोणत्या आवृत्तीत, कधीपासून. लॉग नसेल तर प्रत्येक बिघाड हा एका माणसाचं नशीब वाटतो. लॉग असेल तर त्यातून नमुना दिसतो. स्वीडनने १९९२ पासून आणि डेन्मार्कने १९९८ पासून हर्नियाच्या ऑपरेशनांचा असा लॉग ठेवलाय. कोणती पद्धत, कोणती जाळी, पुन्हा ऑपरेशन लागलं का. जवळजवळ प्रत्येक ऑपरेशन त्यात जातं. एखाद्या डॉक्टरला त्याच्या दहा पेशंटांमध्ये जे कधीच दिसलं नसतं, ते हजारोंच्या यादीत उठून दिसतं. अशी देशभराची नोंदवही ना अमेरिकेत आहे ना भारतात. अमेरिकेत मग ते काम वकिलांच्या जाहिराती करतात. भारतात तेही होत नाही. पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि पहिल्याला कधी कळतच नाही.

आता दुसरी गोष्ट, पुण्याची. डॉ. मोहन देसरडा यांनी वेगळाच प्रश्न विचारला. बाहेरची जाळी हवीच कशाला? जांघेच्या वरच्या थरात पोटाच्या स्नायूचा एक पांढरा, चिवट पडदा असतो. त्याची एक पट्टी मूळ जागेपासून न तोडता सरकवायची आणि कमकुवत जागेवर शिवायची. पट्टी स्नायूला जोडलेलीच राहते, त्यामुळे माणूस खोकला की ती आपोआप ताणली जाते आणि भिंतीला आधार देते. ठिगळ आहे, पण आपल्याच कापडाचं. २००१ मध्ये ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या सर्जरीच्या नियतकालिकात छापून आली.

हिची परीक्षा कुठे झाली? पोलंडमध्ये. तिथल्या सर्जननी २०८ पुरुष घेऊन देसरडांची पद्धत आणि लिक्टेनस्टाइनची जाळी यांची तुलना केली. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोघा-दोघांचा हर्निया परत आला होता. बरोबरी. २०१२ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. याचा अर्थ वाद संपला असा नाही. २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की जाळी न वापरता करायचं झालं तर सध्या सर्वांत भक्कम पुरावा कॅनडाच्या शोल्डाइस पद्धतीचा आहे. देसरडा पद्धतीला अजून मोठ्या आणि जास्त वर्षांच्या अभ्यासांची गरज आहे. पण जाळीनंतर दहा-बारा टक्के लोकांना महिनोन्महिने जांघेत दुखत राहतं, हेही हीच तत्त्वं मान्य करतात. त्यामुळे जाळीशिवायचा रस्ता शोधणं हे काही हौसेचं काम नाही.

शोल्डाइसवरून शिक्षणाचा मुद्दा येतो. टोरांटोजवळ शोल्डाइस नावाचं एक हॉस्पिटल आहे. तिथे फक्त हर्निया. दुसरं काही नाही. तिथला एकेक सर्जन वर्षाला सहाशे-आठशे हर्निया करतो, आणि परत येण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास. पेशंट ते निवडून घेतात, वजन कमी करून यायला सांगतात, हे खरं. तरी एवढ्या सरावाचा हात कुठून येणार? या हॉस्पिटलवर डॉ. अतुल गावंडे यांनी लिहिलंय. हे बोस्टनचे सर्जन-लेखक. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. गावंडे यांच्या लिखाणाचा मला समजलेला सार असा: सर्जनची हुशारी आणि डिग्री यांच्यापेक्षा एकच काम पुन्हा पुन्हा, ठरलेल्या पद्धतीने करण्याची सवय पेशंटला जास्त उपयोगी पडते.

याचा पुढचा टप्पा ऐकायला आणखी अवघड आहे. सिएरा लिओनमध्ये सर्जन फार कमी. तिथे डॉक्टर नसलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांना तीन वर्षांचं सर्जरीचं शिक्षण देतात. २०२१ मध्ये त्यांच्या कामाची चाचणी छापून आली. सव्वादोनशेच्या वर पेशंट, हर्नियाचं ऑपरेशन, अर्ध्यांचं डॉक्टरांनी केलं आणि अर्ध्यांचं या अधिकाऱ्यांनी. वर्षाने पाहिलं तर डॉक्टरांच्या गटात ६.९ टक्के हर्निया परत आले, अधिकाऱ्यांच्या गटात ०.९ टक्के. एका हॉस्पिटलातला, ठरावीक लोकांचा हा आकडा आहे. त्यावरून डॉक्टर नकोतच असा निष्कर्ष काढणारा माणूस आकडे वाचायला शिकलेला नाही. पण नीट शिकवलेला, सरावाचा हात मोजून पाहिला तर कमी पडत नाही, हे मात्र त्यातून दिसतं.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर डॉक्टरांना ५८ प्रकारच्या शस्त्रक्रिया शिकवण्याबद्दल अधिसूचना निघाली आणि मोठं वादळ उठलं. ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवलं. मी दोन्ही बाजूंचं वाचलं. परंपरा, अधिकार, दर्जा, हक्क, सगळं होतं. अमुक पद्धतीने शिकलेल्या सर्जनच्या हातून शंभर ऑपरेशनं झाली तर त्यांतली किती बिघडली, हा प्रश्न मला त्यात फारसा ऐकू आला नाही. दोन्ही बाजूंनी तोच आधी विचारायला हवा होता. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांना डिग्रीच्या पाटीशी देणंघेणं नसतं.

तर मामांना मी काय सांगितलं? मच्छरदाणी बसवा असं नाही. आज भारतातही वैद्यकीय उपकरणांना नियम लागू आहेत, आणि भारतात बनलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या साध्या जाळ्या परवडतील अशा दरात मिळतात. १९९० च्या दशकातली ती अडचण आता तशी राहिलेली नाही. पहिली गोष्ट सांगितली ती घाई नसल्याची. अमेरिकेत ७२० पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००६ साली छापून आलाय. ज्यांना त्रास कमी होता, त्यांनी थांबून वाट पाहिली तर आतडं अडकून तातडीचं ऑपरेशन लागण्याचा धोका वर्षाला हजारात दोनपेक्षाही कमी निघाला. पण त्याच लोकांना पुढे दहा वर्षं पाहिलं तेव्हा ६८ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करून घेतलंच, मुख्यतः दुखायला लागलं म्हणून. मामांना दुखत होतंच. त्यामुळे ऑपरेशन करायचं, पण पॅकेजच्या दडपणाखाली नाही. गाठ आत जाईनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या, तर मात्र एक तासही थांबायचं नाही.

आणि सर्जनला विचारायला तीन प्रश्न दिले. वर्षाला तुम्ही हर्नियाची किती ऑपरेशनं करता? त्यांतले किती परत येतात, आणि ते तुम्हाला कसं कळतं? ही महाग जाळी साध्या जाळीपेक्षा कोणत्या बाबतीत चांगली ठरली आहे?

"डॉक्टरला असं विचारायचं?" मामा म्हणाले. "ते रागावतील."

"मामा, बियाण्याच्या दुकानात तुम्ही विचारताच ना, गेल्या वर्षी कोणी लावलं होतं, बोंडं किती लागली म्हणून? तसंच."

हे त्यांना पटलं. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं नाही. दुसऱ्या ठिकाणी तालुक्याच्या गावी एका मध्यमवयीन सर्जननी वही काढून दाखवली. हाताने लिहिलेली. तारीख, नाव, जाळी, आणि शेवटच्या रकान्यात सहा महिन्यांनी व वर्षाने केलेल्या फोनची नोंद. मामांनी तिथेच साधी, भारतीय जाळी घालून ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी. मामी सांगत होत्या की वर्षाने खरंच फोन आला. "पोतं उचलता का?" म्हणून विचारलं.

त्या वहीवर माझा जीव जडलाय. दोंडाईच्यात जे झालं त्याचं मूळ अशाच वहीत होतं. कल्पना तर कोणालाही सुचते. ती लिहून ठेवणं, बिघडलेलंही लिहिणं, आणि दुसऱ्याला तपासायला देणं, हे अवघड. आपल्या दोन सर्जननी ते केलं. खंत एवढीच की त्यांच्या कामाची सर्वांत कडक परीक्षा युगांडात आणि पोलंडमध्ये झाली. महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, हर्नियाचे पेशंट तर रांगेने आहेत. चाचणीला लागतो तो पैसा युगांडाकडे आपल्यापेक्षा जास्त नव्हता. वर्षभर पेशंटच्या मागे लागण्याची चिकाटी मात्र त्यांच्याकडे होती.

आम्ही परदेशातले लोक गावाकडच्या दवाखान्याला मदत म्हणून यंत्रं पाठवतो. मॉनिटर, पलंग, कधी ॲम्ब्युलन्स. पाटीवर नाव लागतं, फोटो निघतो. ते करूच नये असं मी म्हणत नाही. पण इथल्या आम्हा आयटीवाल्यांना यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी असं एक काम जमण्यासारखं आहे. चार-पाच तालुक्यांतले सर्जन तयार असतील तर त्यांच्या वह्या एकत्र येतील अशी साधी नोंदवही उभी करणं. पेशंटचं नाव बाहेर जाणार नाही, डॉक्टरला कोणी कोर्टात खेचणार नाही, आणि वर्षाने आठवणीचा फोन आपोआप लागेल. त्यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांशी आणि त्या सर्जन ताईंशी बोलणं सुरू केलंय. खान्देशातल्या त्या वहीवाल्या डॉक्टरांनाही विचारलंय. ते म्हणाले, "सॉफ्टवेअर करा, पण आधी माझी वही भरून झाली पाहिजे. वीज गेली तर तीच कामाला येते."

अट मान्य आहे. पहिल्या स्क्रीनचे रकाने त्यांच्या वहीवरूनच घ्यायचे ठरलंय. शेवटचा रकाना तोच राहील: वर्षाने फोन केला का, आणि पेशंट काय म्हणाला.